मॉडिफाय केलेली सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेताना: पहिल्या फोनपासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

वेगवान, मॉडिफाय केलेली सेकंडहँड गाडी घेण्याचा विचार महाराष्ट्रात कोणी बोलून दाखवला की चर्चा बहुधा स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयपाशी येऊन थांबते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शेंद्रा येथील कारखान्यात जुळवली गेलेली आणि २०१३ ते २०२० या काळात विकली गेलेली ही गाडी मुळातच १८० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. तिचे इंजिन संगणकीय बदलांना उत्तम दाद देते, सुटे भाग मिळतात आणि तिच्यावर काम करणारे ट्यूनर (इंजिनाची शक्ती वाढवून देणारे कारागीर) पुणे-मुंबईत सहज सापडतात. म्हणूनच आज बाजारात आलेल्या अशा अनेक गाड्यांवर काही ना काही काम झालेले असते. हा लेख प्रामुख्याने याच गाडीविषयी आहे. मात्र पोलो जीटी टीएसआय, लॉरा किंवा अबार्थ पुंटो घेणाऱ्यालाही तपासणीचा बहुतेक भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मूळ स्थितीतील सेकंडहँड गाडी घेताना आपण तिचे वय, किलोमीटर आणि निगा विकत घेतो. मॉडिफाय केलेली गाडी घेताना त्याबरोबर आधीच्या मालकाने घेतलेले निर्णय आणि त्याच्या ट्यूनरच्या हातची सफाईही आपल्या पदरी पडते. त्यामुळे किती पीएस वाढले, हा प्रश्न शेवटी विचारावा. काम कोणी केले, कशासाठी केले आणि त्याची नोंद आहे का, हे आधी विचारावे.

पहिली पायरी: गाडी पाहण्यापूर्वीची विचारपूस

फोनवर बोलतानाच गाडी कोणत्या ‘स्टेज’ची आहे ते विचारावे आणि उत्तराचा अर्थ समजून घ्यावा. या व्यवसायात स्टेज वन म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, म्हणजे ईसीयूतील, सॉफ्टवेअर बदलणे, ज्याला सर्वजण रिमॅप म्हणतात. स्टेज टूमध्ये डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) आणि बहुधा मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) येतो. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच बदलणे, १.८ मधील मूळ आयएस१२ टर्बो काढून आयएस२० किंवा आयएस३८ बसवणे. हे शब्द कोणत्याही सरकारी किंवा कंपनीच्या मानकात नाहीत, त्यामुळे एकाची स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज टूसारखी असेलच असे नाही. भागांची यादी, प्रत्येकाचे बिल आणि बसवल्याची तारीख मागावी. बिले जपून ठेवणारा मालक ऑइलही वेळेवर बदलत असतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

रिमॅपची फाइल कोणत्या पेट्रोलसाठी लिहिली आहे, हा प्रश्न पुष्कळ जण विसरतात. आपल्या पंपावर मिळणारे साधे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे होते. ९५ ऑक्टेनची प्रीमियम पेट्रोले काही वर्षांपासून मिळतात आणि इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आणले. १०० ऑक्टेनसाठी लिहिलेल्या फाइलवर कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तर इंजिनात नॉकिंग होते (इंधन अवेळी पेटते), ईसीयू इग्निशनची वेळ मागे घेतो आणि सततच्या ताणाने पिस्टनला इजा होऊ शकते. आपल्या गावाजवळ १०० ऑक्टेनचा पंप नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नाही किंवा फाइल बदलावी लागेल. त्याचबरोबर आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते आणि त्या काळातील ऑक्टाव्हिया त्याचा विचार करून बनवलेली नाही. त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि सील यांच्याकडे बारकाईने पाहावे.

मूळ भाग कुठे आहेत, हा या टप्प्यावरचा शेवटचा प्रश्न. मूळ सायलेन्सर, स्प्रिंगा, एअरबॉक्स आणि शक्यतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) सांभाळून ठेवलेले असतील, तर गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते; ते विकून टाकले असतील, तर किंमत ठरवताना त्यांची बाजारातील किंमत वजा धरावी.

दुसरी पायरी: कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे अधिक ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून आरसी हातात घेऊन गाडीशी ओळीओळीने ताडून पाहावी. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष धातूवर वाचावेत, केवळ छायाचित्रावर विश्वास ठेवू नये. इंजिन बदललेले असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये. रंगाचेही तसेच आहे: मूळ पांढऱ्या गाडीवर मॅट राखाडी रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) चढवला असेल आणि आरसीवर पांढराच रंग असेल, तर तो बदल नोंदवून घ्यावा लागेल किंवा रॅप काढावा लागेल.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून बसवलेला डाउनपाइप, ज्याला ‘डीकॅट’ म्हणतात, हा मला सर्वांत न पटणारा बदल आहे. धूर आणि आवाज दोन्ही वाढतात आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग होतो. वाईट म्हणजे, अशा गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र वैध दिसत असले तरी ते कसे मिळाले याची खात्री नसते. डीकॅट गाडी घेणारच असाल, तर मूळ किंवा हायफ्लो कन्व्हर्टर बसवण्याचा खर्च आधी काढावा आणि तो किमतीतून कमी करून घ्यावा.

गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर फॉर्म २८ म्हणजे मूळ आरटीओची एनओसी लागते, आणि महाराष्ट्रात नोंदणी करताना गाडीच्या वयानुसार इथला कर भरावा लागतो. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचे गणित इथेच बिघडते, म्हणून कराचा आकडा आधी आरटीओतून काढून घ्यावा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पाहावा. ई-चलनांची थकबाकी परिवहन पोर्टलवर तपासावी. वेगमर्यादा ओलांडल्याची अनेक चलने एकाच गाडीवर असतील, तर तिचे आयुष्य कसे गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवली आहे का, तेही बघावे.

विमा पॉलिसीत मॉडिफिकेशन जाहीर केले आहे का, हे विचारावे. बहुतेकांनी केलेले नसते. न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनी दावा नाकारू शकते, त्यामुळे गाडी नावावर होताच स्वतःच्या नावाची पॉलिसी घेताना बदल लेखी कळवावेत.

तिसरी पायरी: थंड इंजिनाची भेट

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की गाडी मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर गाडी आधीच चालवून आणलेली आहे, आणि थंड अवस्थेत दिसणारी लक्षणे आता दिसणार नाहीत. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वेळ घ्यावी, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्यातून जे समजायचे ते समजून घ्यावे.

इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत साखळीचा खडखडाट येतो का, ते कान देऊन ऐकावे. लॉरा आणि सुपर्बमधील जुन्या १.८ इंजिनांत टायमिंग चेनच्या टेन्शनरचा आणि ऑइल खाण्याचा त्रास सर्वज्ञात आहे. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियातील पिढी सुधारलेली असली, तरी तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे हाउसिंग गळते. इंजिनाच्या बाजूला गुलाबी वाळलेले डाग दिसले की कूलंट कमी होत आहे असे धरावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे, डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि वास पाहावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर गरम झाल्यावरही येत राहणारा दाट पांढरा धूर कूलंट आत शिरत असल्याचे.

स्टेज थ्रीची गाडी असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधील दाबाची मोजणी) आणि शक्य असल्यास लीकडाउन टेस्ट (तो दाब किती गळतो याची मोजणी) करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. चारही सिलिंडरांचे आकडे परस्परांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. स्पार्क प्लग काढलेच आहेत, तर चारही एका ओळीत ठेवून रंग पाहावा. एकाच प्लगचा रंग निराळा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी निराळे घडत आहे.

चौथी पायरी: स्कॅनरने काय विचारायचे

फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडा याच गटातली) गाड्या जाणणारा मेकॅनिक व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर घेऊन सोबत यावा. त्याची फी वाया जात नाही. फॉल्ट कोड नाहीत, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण कोड पुसणे एका मिनिटाचे काम आहे. ‘रेडिनेस’ पाहावे: कोड पुसले की उत्सर्जनाशी निगडित आत्मपरीक्षणे अपूर्ण दाखवतात आणि ती पूर्ण व्हायला काही दिवसांची नेहमीची ये-जा लागते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही साध्या ओबीडी स्कॅनरवर दिसते. मी पुण्यात पाहिलेल्या एका अत्यंत देखण्या गाडीत हा आकडा ६ किलोमीटर होता. विक्रेत्याच्या घरापासून आमच्या भेटीच्या ठिकाणापर्यंतचे अंतरही साधारण तेवढेच होते. मी ती गाडी घेतली नाही.

त्यानंतर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनाच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती, पाहावा. तो शून्याजवळ असावा. १० टक्क्यांच्या पलीकडे अधिक असेल, तर कुठेतरी हवा शिरत आहे किंवा इंधन कमी पडत आहे. मिसफायरची मोजणी, चारही सिलिंडरांचे नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे मागे घेतलेली इग्निशनची वेळ) आणि ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) व प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांचा लॉग चालत्या गाडीत घ्यावा. मागणी आणि प्रत्यक्ष यांत सतत अंतर असेल, तर पाइपची गळती, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) किंवा टर्बो यांपैकी एकाकडे बोट जाते. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. आयडलिंग अडखळत असेल, तर वॉलनट ब्लास्टिंग (अक्रोडाच्या टरफलांच्या माऱ्याने कार्बन साफ करणे) केले होते का, असे विचारावे.

गाडी ‘रिमॅप काढून’ विकली जात असली, तरी फोक्सवॅगन गटाची अधिकृत साधने ईसीयूतील बदल ओळखू शकतात आणि त्या गाडीच्या नोंदीत टीडी१ हा शेरा पडतो. हा शेरा पडल्यावर इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्यांवर कंपनी हात वर करू शकते. त्यामुळे वॉरंटी शिल्लक आहे, या आश्वासनावर किंमत वाढवून देऊ नये.

पाचवी पायरी: गिअरबॉक्स, जिथे बहुतेक व्यवहार फसतात

१.८ टीएसआयला जोडलेला सात गिअरांचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे डीक्यू२००. त्याचे दोन्ही क्लच कोरडे असतात आणि त्याची टॉर्क पेलण्याची क्षमता २५० न्यूटन-मीटर सांगितलेली आहे. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच गाडी गिअरबॉक्सच्या मर्यादेवर उभी होती. साध्या रिमॅपनंतर टॉर्क ३०० च्या पुढे जातो आणि तो सारा भार याच क्लचवर येतो. तुलनेत ऑक्टाव्हियाचीच अधिक वेगवान आवृत्ती असलेल्या व्हीआरएस २३० मधील सहा गिअरांचा डीक्यू२५० ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचचा असून ३५० न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे. हा फरक ध्यानात घेतला, तर रिमॅप केलेल्या १.८ पेक्षा अनमॉडिफाइड व्हीआरएस महाग का असते आणि ती महागच का असावी, हे कळते. माझे मत विचाराल, तर बजेट ताणून व्हीआरएस घेता येत असेल, तर १.८ वर पैसे ओतू नयेत.

डीक्यू२०० मध्ये क्लच के१ हा १, ३, ५ आणि ७ या गिअरांना, तर के२ हा २, ४, ६ आणि रिव्हर्सला जोडलेला असतो. म्हणून तपासणी अशी करावी: गर्दीत ब्रेक हलका सोडून गाडी सरपटू द्यावी, पहिल्या गिअरमध्ये थरथर जाणवली, तर के१ कडे पाहावे. मग चढावर रिव्हर्समध्ये हळूहळू मागे घ्यावी आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश सोडावी. तिथे थरथर आली, तर के२ संशयित. गाडी गरम झाल्यावर हे पुन्हा करावे, कारण थंडीत शांत असलेला क्लच वीस मिनिटांच्या गर्दीनंतर बोलू लागतो. गिअरची अक्षरे लुकलुकणे, सम किंवा विषम गिअर एकदम गायब होणे, ही मेकॅट्रॉनिक युनिटच्या (गिअरबॉक्सचे नियंत्रण करणाऱ्या भागाच्या) बिघाडाची लक्षणे आहेत आणि ते दुरुस्त करणे स्वस्त नसते.

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत गाडी उतरली होती का, हेही मोकळेपणाने विचारावे. शर्यत म्हणजे वाईट गाडी असे नाही. शर्यतीत उतरणारे अनेक जण गाडीची निगा फार चांगली ठेवतात. पण लाँच कंट्रोलचा (उभ्या गाडीला जोरात सुटू देणाऱ्या सोयीचा) वारंवार वापर झालेला कोरडा क्लच बदलला नसेल, तर तो बदलण्याचा खर्च आपल्या वाट्याला येणार.

सहावी पायरी: गाडी लिफ्टवर

खाली वाकून टॉर्च मारणे पुरेसे नाही. गाडी लिफ्टवर घ्यावीच. उंची कमी केलेल्या गाडीचा ऑइल संप (इंजिनाखालचे ऑइलचे पात्र), दाराखालची कड आणि एक्झॉस्ट आपल्या गतिरोधकांवर घासतो. संपवर वेल्डिंगचा किंवा सीलंटचा थर दिसला, तर तो केव्हा फुटला होता, हे विचारावे. कापलेल्या स्प्रिंगा दिसल्या, तर त्या त्वरित बदलाव्या लागतील, असे गृहीत धरावे. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बर) असतील, तर त्यांतून ऑइल पाझरते का, त्यांचे आटे गंजले आहेत का, ते पाहावे. ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट, कंट्रोल आर्मचे बुश आणि टायरच्या आतल्या बाजूची झीज यावरून अलाइनमेंटची कहाणी कळते. टायरवरील चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. पाच-सहा वर्षांहून जुने टायर, नक्षी शाबूत दिसली तरी, या वेगाच्या गाडीला चालत नाहीत.

रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने प्रत्येक पॅनेल मोजावे. कारखान्यातील रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. एकाच दारावर आकडा अचानक कितीतरी पट वाढला, तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पुराचा इतिहासही आपल्याकडे विसरून चालत नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरले तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या आणि नंतर दूरच्या शहरांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधावी, स्पेअर व्हीलची खळगी आणि सीटखालील रुळांचा गंज पाहावा, कार्पेट उचलून वास घ्यावा.

सातवी पायरी: चालवून पाहणे

प्रथम विक्रेत्याला चालवू द्यावे आणि आपण शेजारी बसावे. थंड इंजिनाला तो पिळतो का, खड्डा कसा घेतो, गाडी थांबवल्यावर इंजिन लगेच बंद करतो का, हे पाहून मागील वर्षांचा अंदाज येतो. मग स्वतः चालवावे. पुणेकरांना जुन्या कात्रज घाटाचा चढ यासाठी चांगला आहे. लांब चढावर मधल्या गिअरमध्ये दाब द्यावा आणि खेच एकसारखी येते की मध्येच अडखळते, ते जाणून घ्यावे. इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नसेल, तर क्लच घसरत आहे. कूलंटचे तापमान स्थिर राहते का, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते का, हात सैल केला तर गाडी एका बाजूला ओढते का, हे सारे एका तासाच्या फेरीत कळते. दहा मिनिटांची चक्कर पुरेशी मानू नये. वेगमर्यादा तोडून काही सिद्ध करायचे नसते; जे पाहायचे ते मर्यादेत राहूनही दिसते.

आठवी पायरी: किंमत आणि हस्तांतरण

मॉडिफिकेशनवर झालेला खर्च किमतीत वसूल होत नाही, हे विक्रेत्याला सौम्य शब्दांत पण ठामपणे सांगावे. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या मूळ स्थितीतील गाडीचा भाव आधार धरावा. चांगल्या ब्रँडच्या, बिलासह आलेल्या कॉइलओव्हर-ब्रेकसाठी थोडे अधिक द्यावे. डीकॅट, बदललेला रंग किंवा हरवलेले मूळ भाग यांसाठी वजा करावे. गाडीच्या किमतीच्या किमान पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर थोडे थांबावे.

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. पैसे बँकेतूनच द्यावेत. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या क्षणापासूनच्या अपघाताची आणि चलनाची जबाबदारी ठरवताना तीच कामी येते. विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्री चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत आरटीओला कळवायची असते. विमा हस्तांतरणासाठीही चौदा दिवसांची मुदत आहे. नंतर करू म्हणून ठेवलेली आरसी वर्षभर तशीच राहते, हे टाळावे.

ताबा घेतल्यानंतर

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक फ्लुइड बदलून घ्यावेत. ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२.०० किंवा त्याहून चांगल्या प्रमाणपत्राचेच असावे. क्लच अॅडाप्टेशन (गिअरबॉक्सला क्लचच्या झिजेशी जुळवून घ्यायला लावणे) स्कॅनरवरून नव्याने करून घेतले, तर गिअर बदलणे पुष्कळदा सुधारते. पहिल्या हजार किलोमीटरांत दर टाकीमागे ऑइल आणि कूलंटची पातळी वहीत लिहावी. रिमॅपची फाइल कोणाची आहे, हे कळले नसेल, तर अशा गाडीत मूळ सॉफ्टवेअर परत भरून घ्यावे आणि महिनाभर तसेच चालवावे. त्या काळात जो दोष दिसेल तो गाडीचा आहे, आणि जो दिसणार नाही तो आधीच्या फाइलचा होता. मूळ भागांची पेटी मिळाली असेल, तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी आणि प्रत्येक भागावर चिठ्ठी लावावी.